सावनेर का गोंडेगाव? लेकरांना घेऊन कोळसा खाण पाहायची तर

भाऊ, नागपूरजवळच्या या दोन्ही खाणी वेकोलिच्याच (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी), एमटीडीसीसोबत, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळासोबत, २०१६ मध्ये हे खाण पर्यटन सुरू झालं, पण दोन्हीत लय फरक हाये. सावनेरची जमिनीखालची. हेल्मेट, त्यावरचा दिवा (कॅप लॅम्प), अंधार, खाली दमट उकाडा, पायी चालणं, आणि छत कोसळू नये म्हणून बोल्ट कसे ठोकतात हे डोळ्यांनी पाहाल तर पुस्तकातलं सगळं फिकं वाटते. पण कोळशाच्या खाणीत मिथेन वायू राहते म्हणून माचिस, बिडी, साधा मोबाईल खाली चालत नाही, म्हणजे फोटो विसरा. अंधाराला भिणारं पोट्टं असलं तर अर्ध्यातून परत फिरणं सोपं नाही बाप्पा!

गोंडेगाव उघडी खाण. वरून खड्डा पाहायचा, खाली डंपर खेळण्याएवढे दिसतात, दमायचं काम नाही. फक्त ऊन अन् धूळ, मे महिन्यात तर जाऊच नका.

खर्चात गाडीभाडंच मोठं, सावनेर छिंदवाडा रोडला, गोंडेगाव कन्हानकडं, तिकडून रामटेकही होते.

लहान लेकरू, म्हातारी आजी सोबत असली तर गोंडेगाव. सातवी-आठवीतले प्रश्न विचारणारे पोट्टे असले तर सावनेरच, फक्त वयाची अट बुकिंगच्या आधी फोनवर विचारून घ्या.