जेल की झिंक? दुचाकीवर फिरणाऱ्यांसाठी सनस्क्रीनची निवड

गालांच्या हाडांवर वांग आहे, रोजचं जाणं-येणं दुचाकीवर आहे आणि ‘सनस्क्रीन लावत जा’ हा सल्ला मिळून झाला आहे, अशांसाठी हे लिहितोय. एसपीएफ, म्हणजे ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा, ३० की ५० यावर फार अडू नका. नीट लावलं तर ३० वालं सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि ५० वालं ९८. खरी निवड पुढे आहे: पाण्यासारखं मुरणारं पारदर्शक जेल घ्यायचं की झिंक ऑक्साइडचं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड क्रीम? मी दोन्ही वापरली आहेत, पुण्याच्या मेमध्येही आणि श्रावणातही.

आधी एक गोष्ट. डाग वांगाचाच आहे ना, हे एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून बघून घ्या. उन्हाळ्यात पाठीवर-छातीवर फिकट ठिपके उठून दिसले की बरेचदा ती शिबं असतात. ती बुरशीमुळे होतात आणि आजूबाजूची कातडी रापली की जास्त दिसतात. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे चट्टे बघून घरचे कोडाच्या भीतीनं हादरतात, पण पुष्कळदा तो नुसता कोरडेपणा आणि सौम्य इसबाचा प्रकार असतो. आणि कृपा करून मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली ‘डाग घालवायची’ ट्यूब परस्पर आणू नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरमं येतात, आणि मलम थांबवलं की सगळं दुप्पट उसळतं.

आता जेल. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं भरपूर आहे. पांढरा थर दिसत नाही, दाढीत अडकत नाही, तेलकट चेहऱ्यावर जड वाटत नाही. सकाळी घाईत दोन मिनिटांत काम होतं. हातांना आणि मानेला मी आजही जेलच लावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की काहींच्या हातांवर खाजरं पुरळ उठतं, त्यांनाही पूर्ण हातभर पसरायला जेल सोपं जातं. ट्यूबवर पीए (यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण) पुढे अधिकची चिन्हं किती आहेत ते मात्र बघा, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीए गाडीच्या बाजूच्या काचेतून आणि ऑफिसच्या खिडकीतूनही येतं.

माझं जेल चेहऱ्यावरून सुटलं ते डोळ्यांमुळे. हेल्मेट, खाली रुमाल, दुपारचं ऊन. नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलं की कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो आणि त्याच्याबरोबर जेलही. मग असं चरचरतं की डोळा उघडा ठेवणं मुश्किल. हेल्मेटची काच वर करून चोळलं तर बोटांवरचं आणखी आत जातं, आणि तेवढ्यात सिग्नल सुटून मागचे हॉर्न वाजवायला लागतात. दुसऱ्या कंपन्यांची जेलं घेऊन पाहिली. कमी-जास्त फरक पडला, पण चरचर पूर्ण गेली नाही. सगळ्यांना असं होतं असं मी म्हणणार नाही, काहींना जेलचा काडीचाही त्रास नसतो.

पण या त्रासाचा परिणाम नुसत्या चरचरण्यापुरता राहत नाही. हात आपोआप आखडतो. कपाळाला ओझरतं लावायचं, डोळ्यांखाली दोन बोटं जागा सोडायची. आणि वांग बसतं कुठे? कपाळावर, वरच्या ओठावर आणि डोळ्यांखालच्या त्याच हाडांवर. ट्यूबवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम जाड थर धरून मोजलेला असतो, म्हणजे चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट भरेल इतकं. जिथे हवं तिथेच कमी लागलं, तर छापलेल्या ५० चा उपयोग काय?

झिंकवालं मी अगदी खालच्या पापणीच्या कडेपर्यंत लावतो आणि घाम आला तरी डोळा शांत असतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. त्यात टिंटेडचा वेगळा फायदा आहे. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, तर दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतं, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत. क्रीमला रंग देणारं आयर्न ऑक्साइड तो प्रकाश बऱ्यापैकी अडवतं. पारदर्शक जेल ते करत नाही, आणि बिनरंगाचं पांढरं झिंकही फारसं नाही. वर्षभरात माझे डाग गेले नाहीत, पण दर मेमध्ये ते जसे काळवंडायचे तसे यंदा झाले नाहीत. डॉक्टरांचं रात्रीचं मलमही सुरू होतं, त्यामुळे सगळं श्रेय क्रीमला देता येत नाही.

त्रास याचेही आहेत. ट्यूब छोटी, किंमत जास्त. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला आणि हेल्मेटच्या अस्तराला रंग लागतो. दाढी राखणाऱ्यांना ते केसांत दिसतं. संध्याकाळी नुसत्या पाण्यानं जात नाही, फेसवॉशनं नीट धुवावं लागतं. मुरमांचा चेहरा असेल तर जेलच बरं, असं मलाही वाटतं.

स्कार्फ कुणीही सोडू नये. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. फक्त पातळ, विरळ विणीची पांढरी ओढणी ऊन बरंच आत सोडते. घट्ट विणीचं गडद कापड बरं. आणि स्कार्फमध्येही डोळ्यांभोवतीची पट्टी उघडीच राहते, तिथे क्रीमच लागतं.

टिंटेड घ्यायचं ठरलं तर मनगटावर रंग जुळवू नका. जबड्याच्या कडेला थोडं लावा, दुकानाबाहेर उजेडात या, पाच मिनिटं थांबा आणि मग बघा. काही रंग सुकल्यावर राखाडी पडतात, काही नारिंगी दिसतात. सावळ्या रंगाला जुळणाऱ्या छटा अजून कमीच मिळतात, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यात लहान ट्यूब घ्या.