किडनी पॅथॉलॉजिस्टचं काम आरव्हीयूनं मोजावं का?

अमेरिकेत पॅथॉलॉजी विभागाला माणसं किती हवीत हे ठरवताना बहुतेकदा आरव्हीयूचे (रिलेटिव्ह व्हॅल्यू युनिट, म्हणजे प्रत्येक कामाला दिलेलं तुलनात्मक वजन) आकडे पुढे येतात. मेडिकेअरनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्यानं, १९९२ पासून डॉक्टरांच्या मोबदल्यासाठी वापरात आणलेलं हे एकक. बिलातून आयतं मिळतं, वेगळी नोंद ठेवावी लागत नाही, ही खरी सोय आहे. पण किडनी बायोप्सीसाठी फक्त त्यावर विसंबू नका.

आरव्हीयू बिलाच्या कोडनुसार ठरतात. बायोप्सीचा मूळ कोड ८८३०५. जठराच्या बायोप्सीलाही तोच! ट्रायक्रोम, सिल्व्हरसारख्या स्टेनना (स्लाइडवरच्या खास रंगांना) ८८३१३. इम्युनोफ्लुरोसन्सच्या (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून केलेल्या तपासणीच्या) पहिल्या अँटिबॉडीला ८८३४६, पुढच्या प्रत्येकीला ८८३५०. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीला ८८३४८. नऊ अँटिबॉडींचं पॅनेल लावलं, की मिनिमल चेंज (साध्या सूक्ष्मदर्शकात जवळजवळ बदल न दिसणारा किडनीविकार) असो वा ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारा आजार), बेरीज तीच. मिनिमल चेंजमध्ये त्या नऊ स्लाइड बहुधा काळ्याच दिसतात (चमक नसते), लवकर उरकतात. ल्युपसमध्ये एकेक ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा सूक्ष्म गुच्छ) मोजत क्रेसेंट (चंद्रकोरीसारखी पेशींची वाढ) आणि नेक्रोसिस (मेलेला भाग) शोधायचा, वर्ग ठरवायचा, शिवाय २४ पैकी सक्रियतेचे आणि १२ पैकी जीर्णतेचे गुण द्यायचे. या मोजणीला वेगळा कोड नाही.

दुसरी गळती वेळेची. केस दोनदा उघडते: आधी प्रकाश सूक्ष्मदर्शक आणि इम्युनोफ्लुरोसन्स, नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) फोन, काही दिवसांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची चित्रं आली की जुन्या स्लाइड पुन्हा काढायच्या. गोठवलेल्या तुकड्यात ग्लोमेरुलस नसेल, तर पॅराफिनमधल्या तुकड्यावर एन्झाइमची प्रक्रिया करून इम्युनोफ्लुरोसन्स पुन्हा करावं लागतं. रात्री दोन वाजता दात्याच्या किडनीचं फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून तातडीनं करायची तपासणी) आलं, तर हिशेबात तेवढा एक कोड येतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ येत नाही.

म्हणून आरव्हीयू वर्षागणिक वाढ पाहण्यापुरतं ठेवा, माणसं मिनिटांवर ठरवा. सलग चार आठवडे प्रत्येक केसची सगळी मिनिटं लिहा, दुसऱ्यांदा उघडल्याचीसुद्धा. मूळ किडनी आणि प्रत्यारोपित किडनी यांची सरासरी वेगळी काढा, नाहीतर एकीचा भार दुसरीत लपतो. समजा, वर्षाला १,२०० बायोप्सी आणि सरासरी १०० मिनिटं: २,००० तास. रजा, परिषदा, शिकवणं वजा जाता एका माणसाकडे ४४ आठवडे आणि आठवड्याला २५ तास रिपोर्टिंगचे उरले, तर १,१०० तास. भागाकार १.८ येतो, म्हणजे कागदावर दोघं पुरतात. पण एक रजेवर गेला, की रात्रीचे सगळे फोन दुसऱ्यालाच. रात्रपाळी असलेल्या केंद्रात तिसरा माणूस धरूनच मंजुरी मागा.