नऊ महिने झाले फायबर घेऊन: लाईनीबद्दल तक्रार नाही, पण राऊटर आणि अ‍ॅपने जीव खाल्ला

कंपनीचं नाव घेत नाही. एक तर आमच्या बिल्डिंगमध्ये तीन कंपन्यांची कनेक्शनं आहेत आणि तिघांच्याही घरी थोड्याफार फरकाने हीच रड आहे, म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

आम्ही चिंचवडला, टू बीएचके, तिसरा मजला. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नववीतले चिरंजीव. मी घरूनच भोसरी-चिखलीकडच्या चार-पाच वर्कशॉपची अकाउंट्स आणि जीएसटीचं काम बघते, त्यामुळे नेट गेलं तर माझं दुकानच बंद. प्लॅन १०० एमबीपीएस, महिना ३३०० जीबी, ६९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ८२५ च्या आसपास, सहा महिन्यांचे एकदम भरले की राऊटर 'फ्री'. फ्री म्हणजे आपला नाही बरं का, कनेक्शन सोडलं की परत द्यायचा. मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

आधी चांगलं ते सांगते. लाईन झकास आहे. एका फायबरवर स्प्लिटर लावून ३२ नाहीतर ६४ घरांना वाटतात म्हणे, म्हणून मला वाटायचं रात्री नऊला सगळे ओटीटी लावून बसले की स्पीड पडणार, पण नाही, वायर लावून बघितलं तर कधीही ९३-९४ येतोच. जोडायला आलेला मुलगाही कामाचा होता. हिरव्या टोकाची बारीक वायर खिडकीच्या ग्रिलमधून आत घेतली, मीटर लावून वायरमधल्या सिग्नलची ताकद बघितली, उणे २१ आली, म्हणाला ताई उणे २७ च्या पुढे गेलं की कटकट सुरू होते, तुमचं मस्तंय. फक्त वायर पुरली नाही म्हणून राऊटर हॉलच्या दाराशी चपलांच्या कपाटावर बसवला आणि माझं टेबल आतल्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती आणि सासूबाईंचं लोखंडी कपाट. जाताना म्हणाला, "अ‍ॅप टाका ताई, सगळं त्यातूनच होतं."

सगळं त्यातूनच होतं याचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला.

वायफायचा पासवर्ड बदलायचा होता, एवढंच. जुन्या राऊटरला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकायचा, दोन मिनिटांचं काम. इथे ते पान उघडतं, लॉगिनही होतं, पण आत फक्त लाईन चालू आहे की नाही एवढं दिसतं आणि खाली ओळ, की बाकी सेटिंगसाठी अ‍ॅप वापरा. बरं, अ‍ॅप उघडलं. आधी लोकेशन मागितलं, मग कॉन्टॅक्ट, मग एसएमएस. लोकेशनचं एक वेळ समजू शकते, अँड्रॉइडमध्ये आजूबाजूची वायफाय नावं शोधायची तर बरीच वर्षं ती परवानगी लागतेच, त्यात दरवेळी चोरी असते असं नाही. पण माझ्या कॉन्टॅक्टशी राऊटरचा काय संबंध? मग पहिल्या पानावर ओटीटीची जाहिरात, त्याखाली कर्ज पाहिजे का, त्याखाली मोबाईल रिचार्ज, आणि 'माझं वायफाय' कुठाय तर खालच्या तीन रेघा, मग सेवा, मग डिव्हाइस, मग व्यवस्थापन. तिथे नवीन पासवर्ड टाकला तर गोल गोल फिरत बसलं आणि 'काहीतरी चुकले'. काय चुकले ते सांगायचं नाही. चार वेळा केल्यावर माझ्या लक्षात आलं की पासवर्डमध्ये 'अँड'चं चिन्ह होतं, ते काढलं तर लगेच झालं. एवढं एक वाक्य लिहायला काय जात होतं यांचं!

अ‍ॅप मराठीत करून बघितलं तर अजून मजा. गेस्ट नेटवर्कचं 'पाहुणे जाळे सक्षम करा'. सासूबाई दोन दिवस हसत होत्या. मी परत इंग्रजी केलं.

आता खरं दुखणं. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर आहे, त्याच्याच आधारवर केवायसी झालं, त्यामुळे ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो. तो चाकणला कंपनीत, आणि तिथे शॉप फ्लोअरवर मोबाईल न्यायचा नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा. आणि हे अ‍ॅप दर काही दिवसांनी आपोआप लॉगआउट होतं. म्हणजे नवरा ड्युटीवर असला की घरातल्या राऊटरशी माझा काही संबंध नाही. दुसरा नंबर जोडायची सोय आहे का म्हणून कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे 'मालकी हस्तांतरण' करा, नवीन केवायसी करा. अहो, घर विकत नाहीये मी, वायफायचा पासवर्ड बघायचाय.

हे सगळं एकदम अंगावर आलं डिसेंबरच्या २० तारखेला. अकाउंट्सवाल्यांना २० तारीख सांगायला नको, थ्री-बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. दोन क्लायंटची रिटर्न बाकी (त्यांनी बिलंच आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, पण ते रडगाणं वेगळं), उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, टॅक्सवर व्याज वेगळं, आणि बोलणी मला. दुपारी साडेतीनला नेट गेलं. राऊटरवर एलओएसचा लाल दिवा. म्हणजे फायबरमधून प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये, वायर कुठेतरी तुटलीय, हे मला आता सवयीने कळतं. अ‍ॅपमधून तक्रार टाकायची तर अ‍ॅप लॉगआउट झालेलं, ओटीपी चाकणच्या लॉकरमध्ये. केअरला फोन केला तर मशीन म्हणतं नोंदणीकृत क्रमांकावरून फोन करा. मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कशीबशी रिटर्न भरली, पोर्टल त्या दिवशी तसंही बैलगाडीच्या चालीने चालतं, शेवटचं चलन रात्री अकराला गेलं.

नवरा साडेअकराला घरी आला, त्याने अ‍ॅप उघडलं आणि मला म्हणाला, "अगं, चालू आहे की, बघ." स्क्रीनवर हिरवी टिक, 'आपले कनेक्शन सक्रिय आहे'. माझं डोकंच फिरलं. समोर डब्यावर लाल दिवा आणि हातात हिरवी टिक. नंतर कळलं की ती टिक लाईनीची नसतेच, बिल भरलंय एवढाच तिचा अर्थ. पैसे जमा आहेत म्हणजे कनेक्शन सक्रिय. मग आम्ही चॅटवर गेलो, बॉट म्हणाला राऊटर रीस्टार्ट करा आणि खाली बटण दिलं, ते दाबलं की अ‍ॅप त्यांच्या सर्व्हरला सांगतं आणि सर्व्हर राऊटरला नेटवरून सांगतो. नेटवरून! जे बंद आहे म्हणून आम्ही तिथे आलोय. दोन मिनिटं फिरून 'डिव्हाइस प्रतिसाद देत नाही, नंतर प्रयत्न करा'. लाल दिवा दिसतोय तर सरळ लाईनमन पाठवा, हे त्या बॉटला कोणी शिकवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी लाईनमन दादा आले, पंधरा मिनिटांत जोडून गेले. सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू होतं, रंगाऱ्याच्या झुल्याच्या दोरीत आमची वायर अडकून तुटलेली. दादांचा नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय, अ‍ॅपपेक्षा तो जास्त चालतो.

वायफायच्या नावाचा घोळही सांगते. या राऊटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने येतात, मोबाईलने आपोआप चांगलं ते धरायचं. ऐकायला बरं आहे. पण ५ वालं भिंतीतून फार जात नाही, माझा लॅपटॉप आतल्या खोलीत त्यालाच चिकटून बसतो आणि व्हिडिओ कॉल अडकतो. आणि गॅलरीतला कॅमेरा आणि गीझरचा स्मार्ट प्लग या स्वस्तातल्या वस्तूंना फक्त २.४ कळतं, जोडताना मोबाईल ५ वर असला की त्या जोडल्याच जात नाहीत. उपाय सोपा आहे, दोघांना दोन वेगळी नावं द्यायची. अ‍ॅपमध्ये तो पर्यायच नाही. केअरला फोन करा, नवऱ्याच्या नंबरवरून, ते तिकडून करून देतात. दिलं करून. दोन आठवडे सुखात गेले. मग एका रात्री राऊटरला अपडेट आलं आणि सकाळी दोन्ही नावं परत एक, चॅनेल परत ऑटोवर, मी घातलेला डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) गायब. कंपनीने दिलेल्या राऊटरमध्ये तिला लांबून शिरता येईल असा दरवाजा ठेवलेलाच असतो, टीआर-०६९ म्हणतात त्याला, २००४ पासूनची पद्धत आहे, आणि ती असावीच, नाहीतर हजारो घरी माणूस कुठे पाठवणार. पण आत येऊन माझी भांडी जागची हलवायची आणि सांगायचंही नाही? हे नऊ महिन्यांत तीनदा झालं. दरवेळी सासूबाईंचा टीव्ही बंद, आणि दरवेळी पहिला प्रश्न मला, "तू काही दाबलंस का गं?"

चिरंजीवांचं ऐका. दहावीचं वर्ष जवळ आलं म्हणून अ‍ॅपमधलं पॅरेंटल कंट्रोल लावलं, रात्री दहानंतर त्याचा फोन बंद. यादीत आधी कुठला फोन कुणाचा ते शोधण्यातच अर्धा तास गेला, अकरा वस्तूंपैकी सात 'अननोन'. शेवटी एकेकाचं वायफाय बंद करून कोण गायब होतंय ते बघितलं. आठवडाभर पोरगं शहाण्यासारखं दहाला झोपायला गेलं आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले. मग एक दिवस साडेबाराला पाणी प्यायला उठले तर पांघरुणात उजेड. राऊटर फोनला ओळखतो मॅक अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या ओळख क्रमांकावरून, आणि हल्लीचे फोन, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोन आयओएस १४ पासून, खऱ्याऐवजी बनावट मॅक देतात, सेटिंगमध्ये एक टिचकी मारली की तो बदलतो. त्याने ती मारली, राऊटरला वाटलं पाहुणे आले. अपराध कबूल करताना तो म्हणाला, "आई, ते प्रायव्हसीसाठी असतं." उत्तर नव्हतं माझ्याकडे, फोन काढून घेतला. नवीन वस्तू जोडली गेली की आधी विचारायचं, एवढी सोय अ‍ॅपमध्ये असती तरी चाललं असतं.

बाहेरून घरचा कॅमेरा थेट बघायचा म्हणून नवऱ्याने पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेल्याला राऊटरमधून घरातल्या वस्तूपर्यंत वाट करून देणारी सेटिंग) एक अख्खा रविवार घालवला, तेही फुकट, कारण आपल्याला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा वेगळा पत्ता, मिळतच नाही, १०० पॉइंट चौसष्टवाला सामायिक पत्ता मिळतो, बाहेरून घराचं दारच सापडत नाही. अ‍ॅपमध्ये मात्र पोर्ट फॉरवर्डिंगचं पान ऐटीत ठेवलंय, भरा, सेव्ह करा, 'यशस्वी' म्हणतं. स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे पडतात.

शेवटी जानेवारीत स्वतःचा राऊटर घेतला, अडीच हजारांचा, साधाच. ज्यांना जास्त झंझट नको त्यांनी एवढंच करा: कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा, त्याच्या लॅन पोर्टला एक वायर लावा आणि तिचं दुसरं टोक आपल्या राऊटरच्या वॅनमध्ये, म्हणजे नेट आत घ्यायच्या पोर्टमध्ये, घाला. डबल नॅट होतं, म्हणजे घरातला पत्ता दोन्ही डब्यांत मिळून दोनदा बदलला जातो, पण बँका, कॉल, टीव्ही कशालाच काही होत नाही, गेम खेळणारे कुरकुर करतील. आणि घेण्याआधी कंपनीच्या डब्याचे पोर्ट बघा, आमच्याकडच्याचा एकच पोर्ट गिगाबिट आहे, बाकीचे १०० चे, म्हणजे उद्या २०० चा प्लॅन घेतला आणि वायर चुकीच्या भोकात राहिली तर वाढीव पैसे पाण्यात.

मला ब्रिज मोड हवा होता, म्हणजे त्यांचा डबा फक्त फायबरचं टोक म्हणून राहणार आणि लॉगिन आपला राऊटर करणार. केअरवाल्या बाईंना ब्रिज मोड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, एकदा तर त्यांनी माझी तक्रार 'स्पीड कमी' म्हणून बंद केली. तेव्हा एक शिकले, तक्रार करताना डॉकेट नंबर लिहून घ्या आणि न सुटता बंद केली तर अपिलात जा, ट्राय या टेलिकॉमच्या सरकारी नियामकाच्या नियमांत ती तरतूद आहे, ३० दिवसांच्या आत करायचं. मी अपिलाचं नुसतं नाव काढलं तर संध्याकाळी फोन आला. पण काम केलं ते फ्रीजवरच्या दादांनीच. आले, आपल्या मोबाईलवरून कुठल्यातरी पानावर शिरले, आपल्या राऊटरने लॉगिन करायला लागणारा व्हीलॅन नंबर आणि पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून दिलं, पाच मिनिटं. मी म्हटलं, दादा हे अ‍ॅपमधून का होत नाही? "आम्ही पण ते अ‍ॅप वापरत नाही, ताई."

आता राऊटर आतल्या पॅसेजमध्ये आलाय, दोन वेगळी नावं आहेत, पासवर्डमध्ये 'अँड'चं चिन्ह आहे आणि दोन्ही डबे बारा व्होल्टच्या मिनी यूपीएसवर आहेत, म्हणजे गुरुवारी लाईट गेली तरी माझं चालू राहतं. दोन महिन्यांत एकदाही हात लावावा लागला नाही.

लाईनीला पाचपैकी साडेचार, डब्याला दोन, अ‍ॅपला शून्य देता येत नाही म्हणून एक. ते अजून नवऱ्याच्या फोनमध्ये आहे, बिल भरायला लागतं. परवा त्यावर नोटिफिकेशन आलं, 'आपल्या घरी ० डिव्हाइस जोडलेली आहेत. सिग्नल कमी पडतोय? आजच एक्स्टेंडर घ्या.'