बिड टेक्निकललाच उडालं, आता काय: हरकत, आरटीआय की हायकोर्ट?

ठाण्यात माझी हाऊसकीपिंगची छोटी एजन्सी आहे. मागच्या वर्षी एका सरकारी ऑफिसच्या सफाईच्या टेंडरमध्ये आम्ही टेक्निकललाच, म्हणजे रेट उघडायच्या आधीच्या कागदपत्रांच्या तपासणीतच, बाद झालो, कारण काय तर टर्नओव्हरच्या सीए सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे सीएच्या सर्टिफिकेटचा ओळख नंबर, नाही. होता हो, खाली कोपऱ्यात, शिक्क्याखाली अर्धा झाकला गेलेला.

सगळ्यात आधी लेखी हरकत. खर्च काही नाही पण घड्याळ लावून पळावं लागतं, जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर रिप्रेझेंटेशनला, म्हणजे अशा हरकतीला, साधारण ४८ तास मिळतात आणि महाटेंडर्स या राज्याच्या टेंडर साइटवरच्या कामात मुदत काय ते टेंडर डॉक्युमेंटमध्येच बघायचं. फायनान्शियल, म्हणजे रेटचं बिड, उघडायच्या आत पत्र पोचलंच पाहिजे, एकदा रेट उघडून एल वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, ठरला की मागे फिरायला कोणी तयार नसतं. आम्ही त्या कोपऱ्याची मोठी प्रिंट काढली, १८ आकडी नंबर सीएंच्या संस्थेच्या साइटवर तपासला, त्याचाही कागद लावला आणि आवक-जावकला पोच शिक्का घेऊनच निघालो. तिसऱ्या दिवशी क्वालिफाय दाखवलं. मात्र कागद अपलोडच केला नसेल तर हरकतीत फारसा दम राहत नाही, हे आधीच मान्य करा.

आरटीआय स्वस्त, १० रुपये. पण उत्तराला ३० दिवस, तोवर वर्क ऑर्डर निघून माणसं कामाला लागलेली असतात. काम परत मिळवायला नाही, इव्हॅल्युएशन शीट, म्हणजे कोणाला का पास-नापास केलं तो तक्ता, हातात यायला उपयोगी, तेव्हा हरकतीसोबतच टाकून ठेवा.

हायकोर्टात रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका, राज्यघटनेचं कलम २२६. इथे लोकांचा गैरसमज होतो, टाटा सेल्युलर या टेंडरच्या केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या निकालापासून कोर्ट निर्णय बरोबर की चूक यापेक्षा तो कसा घेतला ते बघतं, आणि २०२२ मध्ये एका रस्त्याच्या कामाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्टे देताना जपून राहा असंच सांगितलंय. त्यामुळे नुसता अन्याय झाला म्हणून जाऊ नका, वकिलाच्या फीत वीस माणसांच्या कामाचं मार्जिन जाईल. हां, ज्या चुकीसाठी तुम्हाला काढलं तीच दुसऱ्याला माफ केली असेल, किंवा बिड उघडल्यावर अटी बदलल्या असतील, तर मात्र जाच, आणि वर्क ऑर्डर निघायच्या आत. पोच शिक्क्याचं पत्र फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, वकील पहिलं तेच मागतो.