सेकंड लाइफ की व्हीआरचॅट: नवख्याने कुठून सुरुवात करावी?

आभासी जग आतून कसं असतं ते बघायची इच्छा झाली, की दोन नावं हमखास समोर येतात. सेकंड लाइफ सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २३ जून २००३ रोजी सुरू केलं. व्हीआरचॅट फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात आलं. दोन्हीकडे खातं फुकट उघडतं, दोन्हीकडे जिंकायचं-हरायचं असं काही नसतं, आणि आत जे दिसतं ते बहुतेक सगळं तिथे वावरणाऱ्या माणसांनीच बनवलेलं असतं. तरीही नवख्या माणसाचे पहिले काही दिवस दोन्हीकडे अगदी वेगळे जातात. आपल्या स्वभावाला न मानवणाऱ्या ठिकाणी आधी गेलं, तर माणूस दोन संध्याकाळींत कंटाळून कायमचा बाहेर पडतो. असं बाहेर पडलेले बरेच जण मला माहीत आहेत, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. एकटे जाणार असाल आणि अनोळखी माणसांत मिसळायला तुम्हाला वेळ लागत असेल, तर सेकंड लाइफ. बरोबर एखादा मित्र असेल किंवा माइकवर बोलायचा संकोच नसेल, तर व्हीआरचॅट. डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट आहे की नाही, यावर लोक निर्णय घेतात ते मला पटत नाही. व्हीआरचॅट साध्या विंडोज कॉम्प्युटरवर, कीबोर्ड-माउसवरही चालतं आणि तसं वापरणाऱ्यांना तिथे कुणी वेगळं पाडत नाही.

पहिला तास

सेकंड लाइफमध्ये पहिला तास हातपाय हलवायला शिकण्यात जातो. कॉम्प्युटरवर व्ह्यूअर म्हणजे आत जायचं सॉफ्टवेअर उतरवायचं, अवतार म्हणजे तिथलं आपलं रूप निवडायचं आणि आत जायचं. सुरुवातीला तुमच्या जागी नुसता धुक्याचा ढग दिसतो, आजूबाजूच्या भिंती करड्या असतात आणि मग एकेक गोष्ट रंग धरत जाते. काहीतरी बिघडलंय असं वाटून लगेच बंद करू नका, सगळं डाउनलोड होईपर्यंत थांबा. बाणांच्या बटणांनी चालता येतं, पेज अप दाबून धरलं की उडता येतं आणि उंचावरून पडलं तरी इजा होत नाही. ऑल्ट दाबून माउस फिरवला की अवतार जागेवर राहतो आणि कॅमेरा तेवढा फिरतो. हे एकच कसब पहिल्या दिवशी नीट शिकून घ्या, पुढचे निम्मे त्रास वाचतात.

सगळ्यात जास्त डोकं खातात ते कपडे. दुकानातून फुकटचा शर्ट घेतला तरी तो बहुधा खोक्यात येतो. काही खोकी अंगावर चढवली की आपोआप उघडतात. काही उघडत नाहीत आणि नवखा माणूस हाताला चिकटलेलं खोकं घेऊन भर चौकात उभा राहतो. असं झालं तर खोकं काढायचं, सँडबॉक्स म्हणजे वस्तू मांडायची परवानगी असलेल्या मोकळ्या जागी जायचं, तिथे ते जमिनीवर ठेवून उघडायचं. दुसरी अडचण मापाची. कपडे ठराविक कंपनीच्या शरीरासाठी शिवलेले असतात. मैत्रेया कंपनीच्या लारा शरीराचा ड्रेस लिंडन लॅबच्या फुकट सेनरा शरीरावर बसेलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी डेमो म्हणजे नमुन्याची प्रत घालून बघायचीच.

व्हीआरचॅटमध्ये यातलं काहीच नाही. चालता येतं, उडी मारता येते, कुणाचा सार्वजनिक अवतार आवडला आणि त्याने तशी मुभा ठेवली असेल, तर तो एका क्लिकवर आपला होतो. पाच मिनिटांत तुम्ही माणसांच्या घोळक्यात असता. अडचण तिथून पुढे सुरू होते.

बोलायचं कसं

कारण व्हीआरचॅट हे आवाजाचं जग आहे. शेजारून जाणाऱ्याचं बोलणं जवळ येताना मोठं आणि लांब जाताना बारीक होत जातं, खऱ्या खोलीत होतं तसंच. ही त्याची मोठी ताकद आहे. हेडसेट घातलेला माणूस तुमच्याकडे मान वळवून, हात हलवून बोलतो, तेव्हा समोर कुणीतरी उभं आहे याची जी खात्री पटते ती टाइप केलेल्या ओळींतून पटत नाही. पण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मागे टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि आपल्याला परक्या इंग्रजी उच्चारांत झटपट उत्तर द्यायचंय, अशा वेळी जीभ आखडते. माइक बंद-चालू करायचं बटण व्ही आहे, ते आधी पाठ करा. २०२२ साली डोक्यावर मजकूर दाखवणारा चॅटबॉक्सही आला, त्यामुळे न बोलता वावरणं आता जमतं. अशी न बोलणारी माणसं तिथे आहेत आणि त्यांचे मित्रही होतात. पण गप्पांचा ओघ शेवटी आवाजाचाच राहतो.

सेकंड लाइफमध्ये २००७ पासून आवाजाची सोय आहे, तरी तिथला व्यवहार आजही मोठ्या प्रमाणात टाइप करून चालतो. साध्या चॅटमध्ये लिहिलेलं २० मीटरपर्यंतच्या सगळ्यांना दिसतं. वाचायचं, विचार करायचा, मग लिहायचं. समोरच्याला उत्तर यायला अर्धा मिनिट लागला म्हणून कुणी वैतागत नाही. शाळेत इंग्रजी वाचायला-लिहायला शिकलेल्या, पण बोलायची सवय नसलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा वेग फार सोयीचा आहे. शिकवणारी माणसंही तिथे मुद्दाम थांबलेली असतात. वेलकम हब या नवख्यांच्या स्वागताच्या जागेवर मेंटर म्हणजे मदतनीस असतात, केलेडन ऑक्सब्रिज या शिकवणीच्या ठिकाणी चालत चालत धडे गिरवता येतात आणि अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या व्हर्च्युअल अॅबिलिटी या संस्थेच्या बेटावरची शिकवणीची वाट सगळ्यांना खुली आहे. कुणाकडे तरी जाऊन "मी नवीन आहे" असं लिहिण्यात तिथे काहीही कमीपणा नाही.

फिरणं म्हणजे नेमकं काय

माझ्या लेखी निवड इथे ठरते.

सेकंड लाइफचे प्रदेश २५६ मीटर बाय २५६ मीटरचे असतात आणि त्यांतले कित्येक एकमेकांना जोडून खंड झालेले आहेत. तुम्ही झोपलात तरी ते तिथेच असतात. आज एका वळणावर पाहिलेलं चहाचं दुकान उद्याही त्याच वळणावर असतं, मालकाने जागा सोडली तरच जातं. हेटेरोसेरा खंडावर जुना रेल्वेमार्ग आहे, त्याच्या कडेने चालत निघा. कुणाचं किल्ल्यासारखं घर, शेजारी अर्धवट सोडलेली बाग, मग एकदम कुणाची तरी कलादालनाची इमारत. ब्लेक सीमध्ये शिडाच्या होड्या वाऱ्याप्रमाणे हाकल्या जातात. २०१९ साली सुरू झालेल्या बेलिसेरियात पैसे भरून सभासद झालेल्यांची घरं ओळीने आहेत आणि मधल्या रस्त्यांवर पाहुण्यांनाही हिंडता येतं. मात्र जमीन खाजगी असते, हे लक्षात ठेवायला हवं. मधूनच लाल अक्षरांची अदृश्य भिंत आडवी येते, किंवा सुरक्षा यंत्र काही सेकंदांची सूचना देऊन तुम्हाला थेट घरी पाठवतं. यात तुमचा अपमान नाही, मालकाने ते सगळ्यांसाठीच लावलेलं असतं. सार्वजनिक रस्ता, रूळ आणि पाणी धरून चाललात तर फारसं कुणी अडवत नाही.

व्हीआरचॅटमध्ये असा सलग भूगोल नाही. प्रत्येक जग स्वतंत्र आहे. कुणी आत गेलं की त्याची एक प्रत उघडते, सगळे निघून गेले की ती प्रत संपते. एकाच जगाच्या एकाच वेळी अनेक प्रती चालू असतात, म्हणून मित्र "मी तिथेच आहे" म्हणाला तरी तुम्हाला दिसत नाही. त्याच्या प्रतीत जावं लागतं. रस्त्याने जाताना अचानक काही सापडणं इथे होत नाही, मेनूतून किंवा कुणी उघडलेल्या दारातून उडी मारायची. त्या बदल्यात एकेक जग जास्त रेखीव असतं, कारण बनवणाऱ्याने ते युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवलेलं असतं. ट्रीहाउस इन द शेड या जगात प्रकाशाची आणि आकारांची जी रूपं बघायला मिळतात, तसं काही सेकंड लाइफच्या जुन्या यंत्रणेत मी पाहिलेलं नाही. मर्डर ४ सारख्या खेळांत अनोळखी माणसांशीही पटकन सूर जुळतो, कारण बोलायला विषय आयता मिळतो. मोबाइलवरून किंवा क्वेस्ट हेडसेटवरून जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: फक्त पीसीसाठी बनवलेली जगं तिथे उघडत नाहीत.

स्वतः काही बनवायचं असेल, तर सेकंड लाइफ कितीतरी जवळचं आहे. सँडबॉक्समध्ये राइट क्लिक करून बिल्ड निवडलं, की समोर प्लायवूडचा ठोकळा उभा राहतो. तो ताणा, रंगवा, त्यातून खुर्ची करा, आणि शेजारी उभा असलेला माणूस तुम्हाला ते करताना बघत असतो. व्हीआरचॅटसाठी बाहेर युनिटी शिकावं लागतं, आणि व्हिजिटर या पहिल्या पायरीवर असेपर्यंत स्वतःचा अवतार वर चढवताही येत नाही. लोकांत वावरत राहिलात की ती पायरी आपोआप ओलांडली जाते.

पैशांचं थोडक्यात: सेकंड लाइफचं चलन लिंडन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला ते साधारण २५० पडतात, पण पहिला महिना फुकटच्या वस्तूंवर आरामात निघतो. व्हीआरचॅटमध्ये सुरुवातीला खर्चच नाही.

त्रास, मुलं आणि वेळ

व्हीआरचॅटच्या गर्दीच्या सार्वजनिक प्रतींत आरडाओरडा आणि डोळे दिपवणारे अवतार भेटतातच. त्रास देणाऱ्यावर क्लिक करून म्यूट किंवा ब्लॉक करा, कारण द्यायची गरज नाही. खाते १३ व्या वर्षापासून उघडता येतं, त्यामुळे तिथे मुलांचे आवाज बरेच ऐकू येतात. सेकंड लाइफ मुख्यतः प्रौढांचं आहे. १६-१७ वर्षांच्या मुलांना फक्त जनरल म्हणजे सगळ्यांना चालेल अशा दर्जाच्या भागांत फिरता येतं. तिथे मॉडरेट आणि अॅडल्ट दर्जाचे भागही आहेत, म्हणून नवख्याने शोधाच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला जनरल एवढंच ठेवावं. लहान मुलासाठी यातलं कुठलंही निवडत असाल, तर माझं उत्तर दोन्हींना नाही असं आहे.

वेळेचा हिशेब आपल्याकडच्या माणसाला विशेष महत्त्वाचा. सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं. तिथले संध्याकाळी सातचे कार्यक्रम आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येतात. ऑफिसला निघायच्या आधी तासभर मिळत असेल, तर तिथे माणसं भेटतील. व्हीआरचॅटमध्ये जपानी मंडळी खूप आहेत आणि त्यांचे रात्रीचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. युरोपातली गर्दी गाठायची तर मात्र आपल्याला मध्यरात्रीपर्यंत जागं राहावं लागतं. दुपारी दोन-तीनला गेलात आणि दोन्हीकडे शुकशुकाट दिसला, तर तेवढ्यावरून मत बनवू नका. शनिवारी सकाळी पुन्हा जा.