ऑटोमेशनचा क्लास, जळगाव: पीएलसीसाठी जा, रोबोटसाठी नको

नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. मी भुसावळहून तीन महिने दर शनिवार-रविवार येऊन-जाऊन हा क्लास केला. (पीएलसी म्हणजे कारखान्यातलं मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर.) सर आधी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, मग चाकणला लाइनवर रोबोट बसवायला गेले, आता इकडे येऊन डाळ मिलची पॅनल करतात आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासारख्यांना शिकवतात. म्हणजे शुक्रवारी जे बिघडलं ते शनिवारी आमच्यासमोर.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी इमर्जन्सी बटण जोडायला सांगितलं. मी आपलं एनओ कॉन्टॅक्टला (एरवी उघडा, दाबल्यावर जुळतो) जोडलं, प्रोग्राम पण माझाच, दाबलं की मोटर बंद, मी खुश. सरांनी काही न बोलता कटरने बटणाची वायर कापली, मोटर चालू केली, म्हणे आता दाब. दाबलं, मोटर आपली फिरतेय. "भो, तुझा हात बेल्टमध्ये आहे आता." एनसी (एरवी जुळलेला, दाबल्यावर उघडतो) का लावतात, वायर तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे, हे चार वर्षांत जर्नल उतरवून कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

पीएनपी-एनपीएनचं पण तसंच, म्हणजे सेन्सरचे दोन प्रकार, एक आउटपुटला प्लस जोडतो, दुसरा मायनस. चुकीचा सेन्सर दिला मुद्दाम, त्याचा दिवा लागतोय पण पीएलसीला काही दिसत नाही, आणि आम्ही अर्धा दिवस लॅडरच (पीएलसीचा प्रोग्राम) तपासतोय.

एकदा डाळ मिलमध्ये नेलं. कलर सॉर्टरमध्ये कॅमेरा डागी दाणा ओळखतो आणि हवेचा फटका मारून बाजूला उडवतो, तर तिथे चांगल्या डाळीत डागी दाणे येत होते. आम्ही सगळे कॅमेऱ्याला चिकटलो, सर सरळ कॉम्प्रेसरकडे गेले, टाकीखालचा कॉक उघडला तर भळाभळा पाणी. ते पाणी हवेबरोबर जाऊन व्हॉल्व्ह चिकटत होते.

आता तक्रार. पोस्टरवर सहा अक्षांचा रोबोट, प्रत्यक्षात एक रविवार लॅपटॉपवर सिम्युलेशन आणि हातात धरायला एक बंद पडलेला टीच पेंडंट (रोबोटला हाताने हलवून शिकवायचा रिमोट). त्याच्या मागचं बटण सोडलं तरी रोबोट थांबतो आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो, हाताने शिकवताना स्पीड सेकंदाला २५० मिमीच्या वर जात नाही, हे सगळं नुसतं ऐकलं. १८ हजार घेता तर एवढं तरी दाखवा ना. शिवाय १४ जणांत दोनच किट, आणि पुढे बसणारे उठतच नाहीत.

आणि कुठे प्लांट बंद पडला की क्लास पण बंद. दोन शनिवार सर आलेच नाहीत, एक पोरगा येऊन स्लाइड वाचून गेला. भरपाई म्हणून सरांनी एक रविवार सकाळी ८ ते रात्री ९ घेतला, मधे शेवभाजी त्यांच्याकडून, तेव्हा राग गेला थोडा.

नोकरीची गॅरंटी देत नाहीत, विचारलं तर चाकण नाहीतर वाळूजला जा म्हणतात. जाणार असाल तर लॅपटॉप स्वतःचा न्या आणि मेची बॅच घेऊ नका, वर पत्रे आहेत.