आरव्हीत फुलटाइम राहताना सीझनल काम बरं की रिमोट? दोन्ही करून बघितल्यावर

आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचं राहायचं ठरवून घर भाड्याने दिलंय, फिफ्थ व्हील (ट्रकमागे ओढायचा ट्रेलर) की क्लास ए (बससारखी गाडी) हा वाद मिटलाय, कायदेशीर पत्ता साउथ डकोटाचा घ्यायचा की टेक्ससचा तेही ठरत आलंय, आणि आता घोडं अडलंय ते कामावर, अशांसाठी हे लिहितोय. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, मुलं कॉलेजला गेलेली, आणि प्रश्न असा की आहे तीच नोकरी रिमोट करून घेऊ आणि फिरत राहू, का ती सोडून सरळ सीझनल, म्हणजे कॅम्पग्राउंडवर किंवा शेतमालाच्या हंगामापुरती मिळणारी कामं धरू. आम्ही दोघांनी आधी रिमोट केलं, मग सीझनल, आणि आता सीझनलच करतोय, म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे, तरी दोन्ही बाजू जमेल तितक्या सरळ मांडतो.

एक आधीच सांगून टाकतो, एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर यातलं काहीच सध्या तुमच्यासाठी नाही. सीझनल काम तर सोडाच पण रिमोटसुद्धा अवघड, कारण त्या व्हिसात कामाचं ठिकाण नोंदवलेलं असतं आणि एका मेट्रो भागातून दुसरीकडे काम हललं की कंपनीला पुन्हा अर्ज करावा लागतो. दर पंधरवड्याला जागा बदलणाऱ्यासाठी हे कोण करत बसणार. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप हातात आल्यावरचं हे सगळं.

आता पैसा. यात रिमोट पुढे आहे, बरंच पुढे आहे. सीझनल कामाला तासावर पगार, तोही बेताचाच, आणि दोन सीझनच्या मध्ये काहीच नाही. पण पैशापेक्षाही मला वाटतं हेल्थ इन्शुरन्सचा विचार आधी करावा. नोकरीतून मिळणारा प्लॅन बऱ्याचदा देशभर चालतो, आणि मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारात, स्वतः घेतलेल्या प्लॅनचं नेटवर्क बरेचदा एका राज्यापुरतं असतं, बाहेर गेलं की फक्त इमर्जन्सी. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी इन्शुरन्स, मिळतो ६५ ला. मधली वर्षं कशी काढायची हा सीझनलवाल्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि घरात कुणाला नियमित औषधपाणी, तपासण्या लागत असतील तर माझी बाकीची बडबड बाजूला ठेवून रिमोट नोकरी धरून ठेवा असंच मी म्हणेन.

रिमोटबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते इंटरनेटला. माझ्या मते ती भीती आता जुनी झाली. स्टारलिंकची डिश आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं एवढं असलं की बहुतेक ठिकाणी भागतं. डिशला मोकळं आकाश लागतं हे खरं, पाइनच्या झाडांखाली गाडी लावली की मीटिंगमध्ये मध्येच आवाज जातो, मग लांब केबल टाकून डिश कुठेतरी उघड्यावर नेऊन ठेवायची. आणि ती ५० ते ७५ वॉट सतत खाते, त्यात लॅपटॉप, मॉनिटर, म्हणजे हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसेल तर सोलर आणि लिथियम बॅटरीवर हात आखडता घेऊन चालत नाही. पण हे सगळं एकदा खर्च करून सुटणारं आहे. कंपनीच्या एचआरचं तसं नाही. तुम्ही कुठल्या राज्यात बसून काम करताय हे त्यांना टॅक्ससाठी कळावं लागतं, आणि बऱ्याच कंपन्यांची ठरलेल्या राज्यांची यादी असते, त्याबाहेर काम करायला परवानगी नसते. साउथ डकोटात इन्कम टॅक्स नाही आणि लायसन्ससाठी एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरते हे सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, पण लायसन्स तिथलं असलं म्हणून कॅलिफोर्नियात बसून केलेल्या कामाचा कॅलिफोर्नियाचा टॅक्स टळत नाही. हे एचआरशी आधी बोलून घ्या.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमचं रिमोट सुटलं ते इंटरनेटमुळे नाही की टॅक्समुळे नाही. सुटलं ते शनिवार-रविवारमुळे.

झालं असं की माझी कंपनी कॅलिफोर्नियाची आणि आम्ही बराच काळ युटात, म्हणजे एक तास पुढे. त्यांचे पाच वाजले की आमचे सहा. पाच दिवस लॅपटॉपसमोर, त्यामुळे गाडी हलवायची ती वीकेंडलाच. आणि हलवावी तर लागतेच, कारण सरकारी जमिनीवर बहुतेक ठिकाणी १४ दिवसांची मर्यादा असते. पण पूर्ण अमेरिका कॅम्पिंगला निघते तीही वीकेंडलाच. मोआबजवळ कोलोरॅडो नदीच्या कडेने हायवे १२८ जातो, त्यावर बीएलएमचे, म्हणजे सरकारी जमीन खात्याचे, छोटे छोटे कॅम्पग्राउंड आहेत, एका बाजूला नदी, दुसरीकडे लाल कडे, जागा अशी की बघतच राहावं. साध्या साइट्सना बुकिंग नाही, जो पहिला येईल त्याची. एप्रिलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोचायचं म्हणजे काय ते सांगतो. सूर्य कड्यामागे गेलेला, मागे तीस फुटांचा ट्रेलर, आणि आपण पहिल्या गिअरमध्ये लूपमधून हळूहळू फिरतोय. प्रत्येक साइटच्या खांबाला क्लिपमध्ये एक चिठ्ठी अडकवलेली असते, तिच्यावर मुक्कामाच्या तारखा, आणि मिसेस खिडकीतून टॉर्च मारून वाचतेय, रविवार, रविवार, हाही रविवार. आजूबाजूला लोकांच्या शेगड्या पेटलेल्या, पोरं सायकली फिरवतायत, आपण त्यांच्यामधून गाडी वळवत बाहेर. मग पुढचा कॅम्पग्राउंड, तिथेही तेच, आणि शेवटी कुठल्यातरी ट्रक स्टॉपवर दोन ट्रकांच्या मध्ये, रात्रभर त्यांच्या इंजिनांची घरघर ऐकत.

कुणी म्हणेल शनिवारी सकाळी निघा. शुक्रवारी आलेले रविवारी दुपारपर्यंत उठत नाहीत. कुणी म्हणेल आधी बुकिंग करा. जिथे बुकिंग आहे तिथे बऱ्याच फेडरल कॅम्पग्राउंडचं ६ महिने आधी उघडतं आणि वीकेंड आधी संपतो. म्हणजे हलायला खरी वेळ एकच, रविवार दुपार, सगळे परत जात असताना आपण उलट दिशेने जायचं. तेव्हा डंप स्टेशनला, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, हीऽऽ रांग. तासभर उभं राहून टाक्या रिकाम्या करायच्या, नवीन जागी जाऊन लेव्हल करायचं, स्लाइड (गाडीच्या सरकत्या भिंती) बाहेर काढायच्या, डिश लावायची, सोमवारी सकाळच्या मीटिंगआधी सगळं चालू आहे ना बघायचं. यात किराणा, लाँड्री, प्रोपेन भरणं हे पण शनिवारीच. आठवड्यामागून आठवडे असेच गेले. आणि मंगळवारी दुपारी मात्र तेच कॅम्पग्राउंड अर्धं रिकामं, समोरच्या ट्रेलवर चिटपाखरू नाही, आणि मी हेडफोन लावून खिडकीला पाठ करून बसलेला. मिसेस एकदा म्हणाली, "अहो, इथे येऊन आपण फक्त जागा शोधतोय, राहतोय कुठे?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, तुमची कंपनी ईस्ट कोस्टची असेल आणि तुम्ही वेस्टला फिरणार असाल तर ही तक्रार बरीच कमी होते. त्यांचे पाच म्हणजे पॅसिफिकवर दुपारचे दोन. पहाटे उठायची तयारी असेल तर दुपारपासून दिवस तुमचा. असं ज्यांचं जमलंय ते खूश आहेत, त्यांनी सीझनलच्या नादी लागू नये.

सीझनलमध्ये हा जागेचा प्रश्नच राहत नाही. जागा कामासोबतच येते, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीसकट, आणि पूर्ण सीझन तिथेच. वर्षात गाडी हलते ती मोजकी, आणि हलते तेव्हा आपल्या सोयीच्या वारी. शिवाय गर्दीच्या दिवशी आपली ड्युटी असते त्यामुळे सुट्टी मिळते ती आठवड्याच्या मधली. टायरचं दुकान, मेकॅनिक, बँक सगळं उघडं असताना आपण मोकळे. एका उन्हाळ्यात आम्ही येलोस्टोनच्या पश्चिम दारालगतच्या गावात एका आरव्ही पार्कवर होतो. तिथल्या ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम झऱ्याच्या पार्किंगला दिवसा जागा मिळत नाही, पण जूनमध्ये तिथे नऊपर्यंत उजेड असतो, आम्ही जेवून संध्याकाळी सातला निघायचो, तोपर्यंत टूरच्या बस गेलेल्या असायच्या. हे सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही, कामाच्या दिवशी! रिमोटच्या सगळ्या काळात असं एकदाही जमलं नव्हतं.

काम काय असतं, तर कष्टाचंच. कॅम्प होस्ट म्हणजे टॉयलेट साफ करणं, फायर रिंगमधली राख काढणं, फी गोळा करणं, रात्री जनरेटर लावणाऱ्याला गोड बोलून बंद करायला लावणं. यात एक त्रास आहे तो लपवत नाही, होस्टला सुट्टी अशी नसतेच, कारण तुमच्या दारावर पाटी असते. ताटात आमटी वाढलेली असताना दार वाजतं, लाकडाची मोळी मिळेल का, वायफायचा पासवर्ड काय. ज्यांना माणसांचा कंटाळा येतो त्यांनी होस्ट होऊ नये, ऑफिस किंवा मेंटेनन्सचं काम मागावं.

शुगर बीटचं काम वेगळंच. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर रेड रिव्हर व्हॅलीत मुख्य हंगाम १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, १२-१२ तासांच्या शिफ्ट, दिवसरात्र. ट्रक येतो, पायलर नावाच्या मोठ्या मशीनवर बीट ओततो, मशीन माती झाडून बीट ढिगावर चढवतं, आपण ट्रकला हाताने इशारे करायचे, नमुन्याची पिशवी भरायची, खाली सांडलेलं फावड्याने ओढायचं. पाऊस आला की काम बंद, आणि ऊन जास्त झालं तरी बंद, कारण तो ढीग पुढे हिवाळाभर उघड्यावर राहणार असतो, गरम बीट आत गेलं तर सडतं. त्यामुळे पगाराचा अंदाज आधी बांधता येत नाही. रात्री पाणी गोठतं, हीटेड होज नसेल तर सकाळी नळ कोरडा. मी मूळचा कोल्हापूरकडचा, कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा बघत मोठा झालो, त्यामुळे मला ते सगळं फार जवळचं वाटलं. तिथला सगळ्यात मोठा कारखानदार, अमेरिकन क्रिस्टल शुगर, तोही १९७३ पासून शेतकऱ्यांच्याच मालकीचा, सहकारी. फरक हा की आपल्याकडे कारखान्याचा सरासरी उतारा (उसातून निघणारी साखर) धरून भाव ठरतो आणि इथे ती नमुन्याची पिशवी लॅबला जाऊन ज्याच्या त्याच्या बीटमधली साखर मोजली जाते. ती पिशवी भरताना म्हणून जरा जपून भरायचो, कुणाच्यातरी वर्षाच्या पैशाचा प्रश्न आहे हे डोक्यात असायचं. रात्रपाळी संपवून आलं की कुकरला वरण-भात लावायचा आणि गरम गरम खाऊन पडदे ओढून झोपायचं, इतकी गाढ झोप ऑफिसच्या नोकरीत कधी लागली नाही.

जुने व्हिडिओ बघून कुणी अमेझॉनच्या कॅम्परफोर्सचा (आरव्हीवाल्यांना गोदामात हंगामी काम) बेत करत असेल तर तो २००८ ला सुरू झालेला प्रोग्रॅम आता बंद झालाय, त्याच्या भरवशावर हिवाळ्याचं गणित मांडू नका. आम्ही हिवाळ्यात कामच करत नाही. ॲरिझोनात क्वार्टझसाइटला बीएलएमच्या लाँग टर्म एरियात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं, आम्ही घेतलं तेव्हा पूर्ण सीझनचं परमिट १८० डॉलर होतं. वीज-पाण्याचं कनेक्शन नाही, सोलरवर चालवायचं, पण ऊन भरपूर.

मग कुणी काय घ्यावं. कर्ज शिल्लक आहे, मुलांची फी चालू आहे, तब्येतीची काळजी आहे, तर रिमोट, आणि शक्यतो वीकेंडऐवजी मधले दोन दिवस सुट्टी मिळते का किंवा शुक्रवारी अर्धा दिवस मिळतो का तेवढं मागून बघा, माझ्या मते पगारवाढीपेक्षा ते जास्त कामाचं आहे. कर्ज फिटलंय, अंगात ताकद आहे, दोघांनाही हाताने काम करायला कमीपणा वाटत नाही, तर एक उन्हाळा सीझनल करून बघाच. जमत असेल तर राजीनामा देण्याऐवजी बिनपगारी रजा काढून करा, म्हणजे परतीची वाट राहते.

फोनवर हो म्हणण्याआधी मात्र दोन गोष्टी स्पष्ट विचारा आणि ईमेलवर लिहून घ्या. साइटच्या बदल्यात किती तास द्यायचे, आणि सगळ्या तासांचा पगार आहे की त्यापुढच्याच तासांचा, काही ठिकाणी असं असतं काही ठिकाणी तसं. आणि दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळणार का. ही दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत, आणि मग नवऱ्याला सोमवार-मंगळवार, बायकोला बुधवार-गुरुवार असं होऊन बसतं. उन्हाळ्याच्या चांगल्या जागा जानेवारी-फेब्रुवारीतच भरायला लागतात, त्यामुळे पार्कांना फोन करायचे ते दिवाळीनंतर लगेच, मार्चपर्यंत थांबू नका.